स्टे आणि लिव्ह

ता. ४ मार्च

चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आ.

आशीर्वाद रीत म्हणून लिहिला आहे, मनातून नाही. मला व्हिसा नाकारला. खिडकीमागच्या बाईने विचारलं, मुलाकडे जाऊन काय करणार. मी ताठ मानेनं सांगितलं, आय विल लिव्ह विथ माय सन. तिचं पेन तिथेच थांबलं. मग घर, दुकान, परतीचं तिकीट असं खोदून खोदून विचारलं आणि माझे कागद परत सरकवले.

बाहेरच्या टायपिस्टने समजावलं, की पाहुणा म्हणून थोडे दिवस राहायचं तर स्टे, आणि बिऱ्हाड मांडून राहायचं तर लिव्ह. हाच फरक तू रोज वर्गात शिकवतेस. दर रविवारी फोनवर मुलाखतीचं इंग्रजी शिकवताना गोड गोड बोलून केसानं गळा कापलास. मी आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले, पण मापात कुणाला फसवलं नाही. सासू नको होती तर तोंडावर सांगायचं. पोराला एकदा डोळे भरून बघायचं होतं, एवढंच. त्याला यातलं काही कळवू नकोस, तो खचेल.

लोभ ठेवायचा की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझी सासू


ता. १९ मार्च

ती. सासूबाईंस, सा. न. वि. वि.

तुम्ही आलेलं मला नकोच होतं, हे आधीच कबूल करते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या झग्याची शिवण चारचौघांत उसवलीत, ते मी विसरलेले नाही. पण शिकवण्यात मी लबाडी करत नाही, माझं पोट त्यावर आहे. तीन रविवार मी तुमच्याकडून स्टे घोकून घेतलं. आता झोपेतही तोच शब्द येईल, असं तुम्हीच वैतागून म्हणालात.

चौथ्या रविवारी मी परीक्षेच्या ड्यूटीवर होते. त्या दिवशी फोनवर कोण होतं, ते आठवा. त्याला फरक कळत नाही म्हणू नका. ऑफिसात बसून तो दिवसभर लोकांचे व्हिसाचे हेच अर्ज भरून देतो. मी त्याला विचारलं, तर भरल्या ताटावरून उठून गेला. दुसऱ्याचं पाप माझ्या माथी मारू नका.

वाढवण्याइतका लोभ आपल्यात नाही. आहे तेवढा पुरे.

आपली सून


ता. ३ एप्रिल

चि. बाळास, अ. उ. आ.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. आमचं पटत नाही, पुढेही पटणार नाही, पण बाई खोटं बोलत नाही.

त्या रविवारी तू म्हणालास, आई, स्टे परक्यांकडे करतात, आपल्या माणसाकडे लिव्ह म्हणायचं. मी इतकी हरखले, की दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ते सांगत सुटले. सगळ्यांनी कौतुक केलं तुझं.

मी नको होते, तर येऊ नकोस म्हणायचंस. एवढं मराठी मी तुला शिकवलं होतं.

तिकिटाच्या पैशांसाठी शिवणयंत्र विकायला काढलं होतं, ते आता विकत नाही. उत्तर पाठवू नकोस.

इथेच राहणारी,
तुझी आई