तिसरीचा वर्ग, दिवाळीपर्यंत

बाई, आपल्या शाळेत पहिली-दुसरी बाईंकडे आणि तिसरीपासून पुढे गुरुजींकडे, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण आम्हा पोरांनाही ते पाठ होतं. दुसरी पास झाल्याचा आनंद कमी, धास्तीच जास्त. त्या जूनमध्ये तुम्ही हेडमास्तरांकडे तिसरी मागितलीत. आठ वर्षं पहिलीच शिकवतेय, म्हणालात. मी खडू मागायला ऑफिसच्या दारात उभी होते. हेडमास्तर कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, “मोठ्या पोरांले धाक लागते, बाई. दिवाळीपर्यंत घ्या. तपासणीत गोंगाट दिसला तर परत पहिली.” तिसरीच्या गुरुजींना तुमच्या जागी पहिलीत बसवलं. त्यांच्या वर्गातली लेकरं दिवसभर रडायची आणि ते आमच्यावर डोळा ठेवून होते.

मधली सुट्टी झाली की ते आमच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. एकेकाकडे नीट बघून घ्यायचे. दसरा झाला आणि खिडकीत बेशरमाच्या झुडपाची काडी दिसली, गुरुजी पोरांना मारायचे तसली, नाल्यावरून ताजी तोडलेली, पानं काढलेली. “राहू द्या तिथंच,” गुरुजी आम्हा पोरांना म्हणाले, “दिवाळीनंतर तुम्ही माह्याकडेच येऊन राहिले.” तुम्ही ती बाहेर फेकलीत. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी होती.

आपल्या वर्गात आवाज असायचा हे खरंच. पाढे आपण टाळ्या वाजवत म्हणायचो. म्हणून तपासणीच्या सकाळी, तुम्ही वर्गात यायच्या आधी, मी सगळ्यांना दम दिला, “साहेब आले का तोंडातून आवाज काढू नका, नाही तर बाईले पहिलीत पाठवतीन.” मोठी शहाणी मी. साहेब आले, मागे हेडमास्तर, दारात गुरुजी. सात आठे किती, साहेबांनी विचारलं. कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तुमच्या कपाळावर घाम आला होता. तुम्ही माझ्याकडे वळलात, “सांग वं, तुले येते ना.” मला वाटलं, मी गप्प राहते का, याची तुम्ही परीक्षा बघताय. मी ओठ आणखी घट्ट मिटले. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर गुरुजींनी आत येऊन खिडकीतली काडी उचलली आणि टेबलावर नीट ठेवली. दिवाळीचीही वाट बघितली नाही त्यांनी.

तुम्ही शेवटपर्यंत पहिलीच शिकवलीत. पुढे मीही मास्तरीण झाले. दर जूनला वर्ग वाटले जायचे, माझ्या नावापुढे पहिली यायची आणि मी मान डोलवायचे. चौथी मागायची फार इच्छा होती, पण ती वही डोळ्यांपुढून हलली नाही. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. पोरांनी ऐन वेळी दगा दिला असं समजून गेलात की आपल्यालाच शिकवता आलं नाही असं, ते मला विचारता आलं नाही. हा कागद आता कुठल्या पत्त्यावर टाकू?

छप्पन्न, बाई. सगळ्या वर्गाला येत होतं.