पडद्यावरचा बाप

३ फेब्रुवारी, मंगळवार

लागतोय! शुक्रवारपासून, आपल्याच छोट्या थिएटरात. रोज दुपारी एक खेळ, सात दिवस. मॅनेजर दुकानात येऊन सांगून गेला. वर म्हणाला, "काका, तुम्ही तर हिरो झालात!" माझ्या हातातली सुई पडली, ती अजून सापडलेली नाही. कुणाच्या पायात घुसायची.

हिरो कसला! मागच्या वर्षी ती डायरेक्टर बाई आली. म्हणाली, तुमचं सोफे-खुर्च्यांचं दुकान नऊ दिवस वापरू द्या, सिनेमा काढायचाय. सात माणसं, एक कॅमेरा, जेवणाचे डबे घरून आणलेले. बापाचं काम करणारा नट आलाच नाही. तेव्हा म्हणाली, काका, तुम्हीच बसा. बोलायचं काही नाही. मुलगा घर सोडून जातो, तुम्ही गादी शिवत राहायचं, मान वर करायची नाही. मी विचारलं, कुठं जातो? म्हणाली, मित्राकडे. मला वाटलं, नोकरीबिकरीसाठी.

आज मॅनेजरनं नीट सांगितलं. दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा आहे.

आमचाही मुलगा मित्राकडेच गेला. तसाच. तेरा वर्षं झाली, दोघं दुसऱ्या शहरात राहतात. इकडे फिरकत नाही. दर रविवारी आईला फोन करतो, शेवटी फोन माझ्या हातात येतो. "तब्येत?" "बरी." "ठेवतो." एवढंच बोलणं.

त्यानं हा सिनेमा बघितला तर? म्हणेल, बाबा आता माझं सोंग घेऊन मिरवतात. दुसऱ्या कुणाचं काही वाटत नाही. त्याचं वाटतं.

बीपीची गोळी घेतली.

४ फेब्रुवारी, बुधवार

हिला सांगितलं. आधी हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "बघू दे की त्याला. तेवढंच तुमचं तोंड दिसेल." बायका कुठं घाव घालतील, सांगता येत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बघितला. अक्षर वेडंवाकडं येतंय.

टोपी खाली ओढून शेवटच्या रांगेत बसलो. पहिला अर्धा तास मान वर केली नाही — काही भलतंसलतं दिसेल ही धास्ती. पण नुसतं ऐकून कळेना, म्हणून बघितलं. तर काय? दोघं कपडे वाळत घालतात. भाड्यानं खोली शोधतात, कुणी देत नाही. एकजण दुसऱ्याचा चष्मा काढतो, आपल्या शर्टाला पुसतो, परत त्याच्या नाकावर ठेवतो. एवढंच! याला मी घाबरलो होतो? तेरा वर्षं?

मग माझं दुकान आलं. बापरे! भिंतीएवढं! माझे हात बाजेएवढे. नखातलं दोऱ्याचं मेण दिसलं. सत्तर वर्षं हे हात वापरतोय, पण कधी बघितले नव्हते.

मुलगा बॅग घेऊन दाराकडे जातो. खरं तर मी मान वर करायची नव्हती. पण शूटिंगच्या दिवशी त्याच्या बॅगेचा पट्टा उसवलेला दिसला. जेमतेम दोन टाक्यांवर लोंबत होता, रस्त्यातच तुटला असता. राहवेना. मशीन थांबवलं, उठलो, बॅग ओढून घेतली, वाकड्या सुईनं पाच टाके घातले. दोरा दातानं तोडला. पट्टा ओढून बघितला, बॅग त्याच्या खांद्यावर अडकवली आणि परत येऊन बसलो. मग ध्यानात आलं — अरे, कॅमेरा चालू आहे! बाईंची माफी मागायला गेलो तर त्या रडत होत्या. मला वाटलं, खूप नुकसान केलं.

ते त्यांनी कापलंच नाही! जसंच्या तसं आहे!

आणि थिएटरात चिडीचूप. इथली प्रत्येक खुर्ची मी भरलेली आहे. माणूस नुसता कुशीवर झाला तरी स्प्रिंग बोलते, मला ऐकू येते. पाच टाके पडेपर्यंत एक खुर्ची बोलली नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका आडदांड माणसानं नाक शिंकरलं. जोरात!

मी रडवलं त्याला? मी? आमच्या घरात मी आलो की पोरगा दुसऱ्या खोलीत जायचा.

७ फेब्रुवारी, शनिवार

खुर्च्या दुरुस्त करायच्या निमित्तानं परत गेलो. खेळ सुटल्यावर तोंडात सुई धरून खाली वाकलं की आपण कुणाला दिसत नाही. लोक आपापसात भांडतच बाहेर पडले.

"गोष्टच नाही. नुसते एकमेकांकडे बघतात."

"तुला मारामारी हवी होती का?"

"निदान लाइट तरी लावायचे होते."

"पैसे नव्हते रे त्यांच्याकडे."

"मग काढायचा कशाला?"

बाहेर टेबलावर वही ठेवलीय, ज्याला जे वाटेल ते लिहा म्हणून. मी पाचवी पास, जोडाक्षरं सावकाश लागतात. तरी बोट ठेवून सगळी वाचली. 'कॅमेरा हलतो, आवाज घुमतो, तरी बघाच.' 'दोन तास उन्हात बसलो असतो तर केस तरी वाळले असते.' 'मुलांपुढे असले विषय नकोत. — एक आई.' त्याच्या खाली: 'मुलांपुढेच हवेत. — दुसरी आई.' आणखी एक: 'बाप झालेल्या आजोबांना साष्टांग नमस्कार.' ते तीनदा वाचलं. मॅनेजर बघतोय असं वाटलं म्हणून चौथ्यांदा वाचलं नाही.

शेवटी लाल शाईत: 'बाप साफ खोटा. असा बाप नसतो. मी असाच मुलगा आहे, मला विचारा.'

बोट तिथंच राहिलं. हा एकटा बरोबर बोलला. बाकी सगळे फसले.

८ फेब्रुवारी, रविवार

"तब्येत?" "बरी." "ठेवतो." सिनेमाचं बोललो नाही. हिनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली दुकानात येऊन बसलो. आज सुट्टी असूनही.

९ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टमास्तर — माझा जुना दोस्त, रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी नाव तेच — सकाळी पेपर घेऊन दुकानात आला तो तणतणतच.

"अरे, या वयात हे काय सोंग काढलंस? गल्लीभर चर्चा आहे!"

"तू बघितलास का?"

"बघायला कशाला हवा? ऐकलंय मी."

ही जिन्यावर उभी होती. तिथूनच म्हणाली, "भावोजी, आधी तिकीट काढा, मग बोला. चहा तोवर मिळणार नाही."

चाळीस वर्षांत याला आमच्याकडे चहा मिळाला नाही असं आज पहिल्यांदा झालं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चौथ्या रांगेतल्या एका खुर्चीच्या हाताला चार नखांचे वण उमटलेत. आत रुतलेले. शुक्रवारी नव्हते. मॅनेजर म्हणाला, रेक्झिन बदला. हो म्हटलं आणि बदललं नाही. कोण बसलं असेल तिथं? बाई की पुरुष? मुलगा की बाप? वणांवरून बोट फिरवलं. माझ्या पाच टाक्यांच्या वेळीच रुतली असतील असं उगीच वाटत राहिलं. माणूस कुठल्या कुठं बसलेला असतो, आणि आपला हात त्याच्यापर्यंत जातो! माझ्या तर हे समजण्यापलीकडचं आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

पोस्टमास्तर बघून आला. म्हणाला, "टुकार सिनेमा." मग पेपर उघडून अर्धा तास बसला. पान काही उलटलं नाही. चहा मिळाला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटचा खेळ. नंतर लोकांशी गप्पा ठेवल्या होत्या. डायरेक्टर बाई आलेल्या. त्यांनी मला हाताला धरून पुढे नेलं. नको नको म्हणत होतो. शर्टाचं वरचं बटण सारखं तपासत होतो.

आधी बाईंवरच तुटून पडले. एक म्हणाला, सिनेमा संथ आहे. एक बाई म्हणाली, संथ नाही, तुम्हालाच घाई आहे. एक म्हातारा म्हणाला, हे सगळं बाहेरून आलेलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मी इथंच जन्मलोय, आजोबा! पलीकडच्या गल्लीत!" सगळे हसले. तो म्हातारासुद्धा.

मग एक मुलगी उठली. "आजोबा, बॅग शिवताना तुमच्या मनात काय चाललं होतं?"

खरं तेच सांगितलं. "पट्टा उसवला होता."

हशा आणि टाळ्या. हे लोक टाळ्या वाजवतायत, आणि कशासाठी?

तेवढ्यात मधल्या रांगेतला एक काटकुळा माणूस उभा राहिला, हातात हेल्मेट. टाळ्या थांबेपर्यंत थांबला. म्हणाला, "काका, राग मानू नका. पण असा बाप असतो का हो?"

लाल शाई! लगेच ओळखलं.

काय बोललो ते नीट आठवत नाही. आठवतं तेवढं लिहितो. म्हणालो, नसतो. माझा मुलगा असाच सांगायला आला होता, खाली दुकानात, याच मशीनपुढे. बाबा, मी त्याच्याबरोबर राहणार आहे, म्हणाला. मी मशीन चालूच ठेवलं. कापड संपलं, तरी सुई नुसतीच खाली-वर होत होती. पाय थांबवला असता तर ऐकावं लागलं असतं. तो बराच वेळ उभा होता. मग गेला. त्याची बॅग कशी होती, पट्टा धड होता का, मला माहीत नाही. मी बघितलीच नाही.

एकही खुर्ची बोलली नाही.

बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांनाही हे माहीत नव्हतं. माणसं उठून जाताना माझ्याकडे बघत नव्हती. दोनतीन जणांनी बघितलं. एक जण तर रागानंच बघत गेला — बरोबर आहे त्याचं.

हेल्मेटवाला शेवटी जवळ आला. "वहीत मीच लिहिलं होतं. खोडू का?"

"नको," म्हटलं. "बरोबर लिहिलंस."

"माझा बाप एवढंसुद्धा बोलायचा नाही," म्हणाला, आणि हेल्मेट घालूनच बाहेर पडला. थिएटरच्या आतच घातलं! तोंड दिसू नये म्हणून असेल.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "त्या दिवशी मी वर होते. मशीनचा आवाज मला येत होता. रिकामं चाललंय, हेही कळत होतं." तेरा वर्षं हिला माहीत असून गप्प! मग म्हणाली, "शंभर माणसांना सांगितलंत. आता एकाला सांगा."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोन उचलला. ठेवला. उचलला. ठेवला.

१५ फेब्रुवारी, रविवार

फोन आला. हिनं आज आपलं बोलणं झटपट उरकून फोन माझ्या हातात कोंबला.

"बाबा, बघितला. काल इथं लागला."

"बरं."

"मला नाही आवडला."

"बरं."

"तुम्ही काम चांगलं केलंय. म्हणूनच नाही आवडला. तिकडे त्या नटाची बॅग शिवता, आणि…"

त्याच्या मागून आवाज आला, "अरे, नीट बोल ना त्यांच्याशी!" तो! तेरा वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जाड आहे, पण प्रेमळ.

मुलगा म्हणाला, "ह्याला आवडलाय. कालपासून भांडतोय आम्ही."

मला हसू आलं. एकदम सुटलंच. तोही हसला, का खोकला — कळलं नाही. त्यांच्या घरातही दोन मतं! नवराबायकोत असतात तशीच. हे मी लिहिलं. खोडत नाही.

मग एका दमात बोलून टाकलं. "त्या दिवशी मशीन मी मुद्दाम चालू ठेवलं. मला सगळं ऐकू आलं होतं."

वाटलं, फोन कट झाला.

"माहितेय," म्हणाला. "ठेवतो."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

'माहितेय' म्हणजे काय? माफ केलं की कायमचं संपलं? हिला चार वेळा विचारलं. म्हणाली, पाचव्यांदा विचारलंत तर माहेरी निघून जाईन. अडुसष्ट वर्षांची बाई! माहेरी आता आहे कोण?

१९ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. काम नाही. एका खुर्चीला उलट्या बाजूनं कापड लावलं, गिऱ्हाइकानं दाखवलं तेव्हा कळलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी वरच्या दारावर टकटक. उंच माणूस, कानशिलं पिकलेली. म्हणाला, "बाबा, मी —"

"आवाजानं ओळखलं," म्हटलं.

"तो खाली टॅक्सीत बसलाय. इथवर आला आणि आता वर येत नाही म्हणतो."

उतरलो. कसा उतरलो, माहीत नाही. टॅक्सीचं मागचं दार मीच उघडलं. चाळिशी आली, आईसारखाच दिसायला लागलाय. समोर बघत म्हणाला, "सिनेमा खोटाच आहे, बाबा."

"हो," म्हटलं. "सरक जरा. मला बसू दे."