गेनबांच्या टाचेतला काटा

धनगरवाडा, वेल्हे
रविवार, १८ जानेवारी २०२६

चि. सुप्रियास आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. तांबड्या शेळीला दोन करडं झाली, दोन्ही तिच्यासारखीच द्वाड. तू म्हणशील, मोबाईल असताना आईला पत्राचं काय सुचलं? फोनवर तू रडतेस, मग मी गप्प बसते. म्हणून कागद घेतला.

दिवाळीनंतर गेनबा भावजी टाचेत काटा घेऊन आले. वाडीत कुणाला काटा मोडला की तो आपल्याच दारात येतो, हे तुला ठाऊक आहे. लांबचं मला दिसत नाही, पण चष्मा काढून पाय नाकाशी धरला की कुसळसुद्धा सुटत नाही. त्या दिवशी मात्र सुईचं टोक वाकडं दिसलं. सुई बदलली, तीही वाकडी. मी आपली नेटानं कोरत राहिले. भावजी कधी कुरकुरत नाहीत, पण शेवटी म्हणाले, "वहिनी, काटा हितं हाय. तुमी पल्याड खणताय."

घरात मी बोलले नाही. डावा डोळा चांगला होता, त्याच्यावर रेटलं. किकवीची मंडळी तुला बघायला येणार होती ना. आईच्या डोळ्यात दोष निघाला तर बोट तुझ्या चष्म्याकडे जाईल, ही भीती. बनाबाई आत्या तर म्हणतच होत्या, "पोरीला चष्मा काढून बसवा." तुझा नंबर असा, की चष्म्याविना तू पाहुण्यांना सोडून खांबाला चहा देशील.

शेवटी भावजींनीच तुझ्या अण्णांच्या कानावर घातलं, आणि अण्णांनी मला एसटीत बसवून पुण्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या नंबरामुळे डोळ्याचा पडदा ताणून पातळ झालाय, मागून नको त्या शिरा फुटून पाणी झिरपतंय. इंजेक्शन डोळ्यातच द्यायचं. ऐकताच मी पिशवी उचलून दाराकडे निघाले. पण थेंब घालून डोळा बधिर करतात, नुसता दाब जाणवला. "हलू नका," त्या म्हणाल्या. जन्मभर मी लोकांना पाय हलवू नका म्हणून दटावलं, त्यामुळे मला हसूच आलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. मी जाणार आहे.

तुला फोनवर "डोळ्यात औषध घातलंय" एवढंच सांगितलं. काल चांगला डोळा झाकून तुझा फोटो धरला. केस दिसले, कानातले दिसले. मध्ये नुसता डाग. मी उशीर केला, सुप्रिया. गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही, आहे ती राखायची, असं बाई म्हणाल्या.

तुझे डोळे माझ्यावर गेलेत. डॉक्टरीणबाईंनी तुलाही तपासायला बोलावलंय. किकवीला मीच फोन करून सगळं सांगितलं. ते "कळवतो" म्हणाले. न कळवोत. आत्या रुसल्यात, त्या येतील ताळ्यावर. तू पत्र मिळताच दवाखान्यात जा. लग्न मागंपुढं होतं.

तुझ्या तोंडाच्या जागी मला डाग दिसला, तो मी सोसेन. तुला कुणाचं तोंड असं दिसलेलं मला सोसायचं नाही.

एका डोळ्यानं का होईना, तुझी वाट बघणारी,
तुझी आई