खुंटीवरचं जॅकेट

अनुप,

वरण कुकरमध्ये आहे, भात तेवढा लावून घेजो. मी दीपमालापाशी मालवणले चालली. तुया बहिणीनं छोटी बोट घेतली ना, मधोमध स्टेअरिंगवाली! दीड तास नुसता समुद्र, मंग बेट. जाताना थे चालवीन, येताना मी! दोन महिने बोर धरणावर मोटरबोट शिकली, तुले वाटे मी बचत गटात जाते.

रागावू नको. "घरच्या धरणात कायचं लाइफ जॅकेट," म्हणत तुये बाबा जाळं टाकाले गेले, ते आलेच नाई. म्हणून तू मले पाण्यापाशी जाऊ देत नाई, समजते मले.

खुंटीवरचं त्यायचं जॅकेट शोधत बसू नको. आठ वर्षं कोरंच होतं. मी घरातूनच आंगात घालून निघाली.

आई