व्याह्यांच्या रश्श्यावर माझा शेरा

कासारवाडी,
गुरुवार, सकाळ

तीर्थस्वरूप अण्णांस,

धाकट्या हरिहरचा साष्टांग नमस्कार. (टेबलाशी बसूनच केला आहे, कंबरेचं तुम्हाला ठाऊक आहेच.) तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि मिरजेचं पाणी या तिन्हींची खुशाली सविस्तर कळवावी. आमच्याकडे तिघांच्या प्रकृती उत्तम आहेत, मन मात्र माझं एकट्याचं ठिकाणावर नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की तुम्ही "बरं बरं" म्हणता. मागे माझी मोटारसायकल चोरीला गेल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही पेढे पाठव म्हणाला होतात. आताचा विषय तसा चालवून नेण्यासारखा नाही, म्हणून पत्र.

विषय आपल्या ऋचाच्या लग्नाचा. मुलगा प्रज्वल, तिच्याच ऑफिसातला. घराणं चाकणच्या पलीकडचं, जुनं शेतकरी. बरीचशी जमीन कारखान्यांना गेली, डोंगराच्या कडेची सात एकर राहिली. त्या सात एकरांत हा मुलगा शनिवार-रविवारी एक उद्योग चालवतो. पुण्यातल्या वाकडकडची मंडळी गाड्या काढून येतात, गावाकडचं जेवतात, तंबूत झोपतात आणि वाइन आणि व्हिस्की चाखतात. पीत नाहीत, चाखतात. यात फरक काय, हे मी चौघांना विचारलं आणि चार उत्तरं मिळाली. मुलाच्या वडिलांना, म्हणजे दादासाहेबांना, विचारलं तर ते म्हणाले की आपण स्वतः जन्मात चहाच्या पुढे गेलेलो नाही, पण पोरगं म्हणतंय तर काहीतरी चांगलंच असणार. माझी पहिली समजूत अशी झाली की निदान आम्ही दोघे बाप तरी एकाच इयत्तेत आहोत.

तर या प्रज्वलने मला, सुहासिनीला आणि ऋचाला, आम्हा तिघांना गेल्या शनिवारी तिकडे बोलावलं. मी ऋचाला विचारलं, ही लग्नाची बैठक आहे की सहल? ती म्हणाली, दोन्ही. (अण्णा, तुमच्या बैठकीत वडिलांनी सतरंजीवरून हलायलासुद्धा मनाई केली होती. इथे सामानात अंगाला लावायचं डासांचं मलम आणायला सांगितलं होतं.) शुक्रवारी मी डबे-पिशव्या भरत होतो, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला हाच मुलगा हवाय. उद्या एक दिवस काही तपासू नका." मी कबूल केलं. अगदी मनापासून केलं. चाकणच्या कंपनीत तेहेतीस वर्षं बाहेरून येणारे ब्रेकचे भाग तपासले, त्यामुळे घरी आलेल्या कोथिंबिरीलाही मी दोन्ही बाजूंनी बघतो हे खरं आहे. पण पोरीने एवढं एकच मागितलं होतं. ते मला पाळायचं होतं हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढचं वाचून तुम्हाला तसं वाटणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा सुहासिनीच्या अंगावर हिरवी पैठणी, हातात नारळ, आणि आमच्या पुढेमागे अर्ध्या चड्ड्यांतली वीसेक माणसं. फाटकाशी प्रज्वलची चुलत बहीण सायली उभी होती. (हिने नाशिकला या चाखण्याचा रीतसर कोर्स केला आहे.) तिने येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला केशरी कागदी पट्टी बांधली. सुहासिनीला वाटलं ही त्यांच्या घरची रीत. तिने डोक्यावर पदर घेतला, पट्टी बांधून घेतली आणि सायलीच्या हातात खण-नारळ ठेवला. मागच्या माणसांना वाटलं असंच करायचं असतं, आणि ते खिसे चाचपू लागले. दादासाहेब बाजेवर पाच-सहा भावकीतल्या टोपीवाल्यांसह बसले होते. त्यांनी आम्हाला बघून उठून हात जोडले, पण तेवढ्यात सायलीने "चाखणारे इकडे" म्हणून आवाज दिला आणि गर्दीबरोबर मी तिकडे गेलो. व्याही म्हणून जायचं की गिऱ्हाईक म्हणून, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

एका लांब टेबलावर प्रत्येकापुढे तीन पेले, एक स्टीलची छोटी बादली आणि एक छापील कार्ड. कार्ड बघितलं आणि अण्णा, खोटं कशाला सांगू, मला घरी आल्यासारखं वाटलं. पायऱ्या दिलेल्या होत्या: पाहा, वास घ्या, घोट तोंडात फिरवा, नोंद करा, बादलीत थुंका. थुंकणं हा यात उद्धटपणा नाही, ते शिस्तीचं लक्षण आहे, असं सायलीने दोनदा बजावलं. गिळत गेलं तर तिसऱ्या पेल्यापर्यंत पहिला आणि दुसरा यांत फरक कळेनासा होतो. मला हे फार पटलं. पहिल्या वाइनला मी लिहिलं, "तुरट, जांभळाच्या बीसारखी." दुसरीला, "वास भिजलेल्या गोणपाटाचा; हा गुण की दोष ते कार्डात दिलेलं नाही." सायली इतकी खूश झाली की तिने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मग व्हिस्की आली. तिला धुराचा आणि दवाखान्याचा मिळून वास होता. मी विचारलं, बरोबर वास कोणता, तो नमुना दाखवा, म्हणजे ताडून पाहता येईल. ती म्हणाली, काका, यात बरोबर-चूक नसतं, तुम्हाला जे वाटेल ते बरोबर. हे वाक्य मी तेहेतीस वर्षांत ऐकलं नव्हतं. जे वाटेल ते बरोबर म्हटल्यावर रस्त्यावर ब्रेक लागतील का? सुहासिनीने फक्त हुंगलं, "खोकल्याचं औषध" असं म्हणून पेला खाली ठेवला आणि ती बायकांत जाऊन बसली. मी मात्र शिस्तीत सगळं चाखलं आणि सगळं थुंकलं. तरी थोडंफार जिभेतून मुरलं असावं, कारण समोरचा डोंगर मला एकाऐवजी दीड दिसत होता.

इथून पुढचं नीट वाचा. कार्डाच्या मागच्या बाजूला पाच रिकाम्या ओळी होत्या आणि वर छापलं होतं, "गावाकडची चव". म्हणजे पेले संपले तरी काम संपलेलं नव्हतं. बाहेर चुलीपाशी प्रज्वलची आई, शालनबाई, पहाटेपासून स्वयंपाकाला बसल्या होत्या. त्यांच्याकडची मासवडी. (अण्णा, नावावर जाऊ नका, बेसनाची असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि बरोबर काळ्या मसाल्याचा रस्सा.) त्यांनी पहिली वाटी स्वतःच्या हाताने मला दिली. भावकी बघत होती, दादासाहेब बघत होते, ऋचा आणि प्रज्वल शेजारी शेजारी उभे होते. मी रस्सा पाहिला. वास घेतला. घोट तोंडात फिरवला. नोंद केली. आणि बरोबर आणलेल्या बादलीत थुंकलो.

सगळीकडे एकदम शांत झालं. मला वाटलं, जाणकार माणूस काम करतोय म्हणून आदराने गप्प बसले आहेत. म्हणून मी वडीचा तुकडा घेतला आणि तोही पाचही पायऱ्यांनी पार पाडला. सुहासिनीने मागून येऊन दंडाला चिमटा काढला, तेव्हा मला वाटलं ती विचारतेय किती गुण दिले. मी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिने डोळे मिटून घेतले.

दादासाहेब बाजेवरून उठले. आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं. म्हणाले, "पाव्हणं, आमच्या दारात आजवर कुनी घास थुकला न्हाई."

आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "पाचवी पायरी आहे, साहेब," आणि बोट ठेवून दाखवलं. मला खरोखरच वाटत होतं की वाचलं की त्यांना पटेल. सायली धावत आली आणि म्हणाली की ते फक्त पेल्यांसाठी होतं, पण हे कार्डावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. (ही त्रुटी मी तिला नंतर लेखी दिली आहे.) ऋचा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तसं तिने लहानपणी एकदाच बघितलं होतं, मी तिला शाळेतून आणायला विसरलो तेव्हा. त्या नजरेने माझ्या जिभेतलं सगळं उतरलं. मला कळलं की आपण पोरीचं लग्न एका स्टीलच्या बादलीत घातलं. मला तिथे रडू येईल असं वाटलं, आणि बादली हातातच होती, ती कुठे ठेवावी ते समजेना.

तेवढ्यात शालनबाई आल्या. त्यांनी माझ्या हातातून आधी बादली घेतली, मग कार्ड घेतलं, आणि उन्हाकडे धरून वाचायला लागल्या. मी लिहिलं होतं: "रंग चांगला. तेल वर आलेलं, योग्य. मीठ बरोबर. तीळ नवे. खोबरं एका बाजूने जास्त भाजलेलं. पुन्हा नमुना घेऊन खात्री करावी." त्यांनी ते दोनदा वाचलं. मग दादासाहेबांना म्हणाल्या, "खोबरं जळलं त्ये मला पहाटंच कळलं व्हतं. सत्तावीस वर्सं ह्या घरात समदी हात धुवून उठत्यात. आज पयल्यांदा कुनीतरी खाताना ध्यान दिलं."

दादासाहेब घोटाळ्यात पडले. त्यांनी एक वाटी मागवली, घोट घेतला, वर बघितलं, परत घेतला, आणि कबूल केलं की त्यांना काही जळकं लागत नाही. भावकीतल्या एकाला लागलं, दुसऱ्याला नाही. मग वाट्या फिरल्या. वाकडची माणसंही येऊन उभी राहिली आणि खोबरं या विषयावर तीन वाजेपर्यंत अशी चर्चा झाली की देणंघेणं, मानपान, कार्यालय यांतला एक शब्द कुणी काढला नाही. शालनबाईंनी नवं खोबरं भाजलं, नवा रस्सा केला आणि मला समोर बसवून वाढला. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि शपथेवर सांगतो, एक घोटही परत आला नाही. रात्र तंबूत काढली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रविवारी सकाळी निघताना दादासाहेबांनी माझा हात धरून सांगितलं, "आमच्याकडनं व्हय हाय. तुमचा व्हकार आला की तारीख धरू." मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. सुहासिनी म्हणते की मी "कळवतो" म्हणालो, तेही पुरवठादारांना म्हणायचो त्याच आवाजात.

अशी सगळी हकीकत आहे. बैठक झाली का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जावं.

आपला आज्ञाधारक,
हरिहर

ता. क. – मूळ काम राहिलंच. आपल्या घरात होकार थोरल्याने कळवायचा, हा वडिलांपासूनचा रिवाज आहे. तेव्हा कृपा करून दादासाहेबांना तुमच्या हस्ताक्षरात दोन ओळी लिहा की मुलगा आम्हाला पसंत आहे, लग्न मान्य आहे. पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर दिला आहे. मी स्वतः रविवारपासून चार वेळा बसलो, पण "मान्य" लिहायला गेलो की पुढे आपोआप "तथापि" येतं.

ता. क. २ – वरचं कारण पूर्ण खरं नाही. "पुन्हा नमुना घेऊन खात्री करावी" असं लिहिलं तेव्हा मला कसलीही शंका नव्हती. खोबरं सोडलं तर पहिल्याच घोटात सगळं चोख होतं. रस्सा, माणसं आणि तो मुलगाही. (ऋचाच्या ताटातली मिरची न सांगता काढून स्वतःच्या ताटात घेतो. मी पाहिलं आहे.) पण त्या दिवशी सगळं बरोबर आहे असं मी लिहिलं असतं, तर दुपारीच तारीख निघाली असती. आयुष्यभर सह्या केल्या, अण्णा, आणि माझी सही झाली की माल तासाभरात पुढे जायचा. (ऋचाला माल म्हणत नाही, गैरसमज नसावा. मी सहीबद्दल बोलतो आहे.) ही एक सही तुम्ही करा.

ती. स्व. अण्णांना आणि वहिनींना सुहासिनीचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून उघडून वाचलं आणि खाली जागा होती तिथे लिहीत आहे. होकार मी रविवारी घरी पोचल्याबरोबर शालनबाईंना फोनवर देऊन टाकला. तारीख माघातली निघाली आहे, कार्यालयही धरलं आहे. ऋचाला ठाऊक आहे, दादासाहेबांना ठाऊक आहे, वाकडच्या त्या अर्ध्या चड्डीवाल्यांपैकी दोघांना आमंत्रणसुद्धा गेलं आहे. फक्त यांना ठाऊक नाही. तरी तुम्ही पत्र लिहाच, पण जरा उशिरा लिहा. तेवढे दिवस पोरगी अजून आपल्या हातात आहे असं यांना वाटू दे.