टाकीखालची बिनमाणसाची सावली

प्रिय मास्तरीणबाई,

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मला एक सावली दिसली आणि माझं दीड वर्षाचं सगळं म्हणणं त्या एका क्षणात कोसळलं. अक्षर ओळखून पाकीट फाडायला निघाली असशील, तर थांब. काडेपेटी पुन्हा पेटली असं समजू नकोस. या वेळी मी कुणावरही भडकलेलो नाही. म्हणजे एका माणसावर भडकलोय, पण तो सध्या हेच पत्र लिहितोय.

कॉलेज सोडून मी काय करतो, हे तुला कुणी सांगितलं असेल-नसेल. एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत, आम्ही अकरा जण नकाशा शिवतो. शिवतोच म्हणायचं. ऑनलाइन नकाशावर वरून दिसणारी घरं-रस्ते आपण बघतो ना, तो एक फोटो नसतो, हजारो तुकडे असतात. विमान शेत नांगरल्यासारखं एका पट्ट्यातून जातं, वळतं, शेजारच्या पट्ट्यातून परत येतं. पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यांच्यामध्ये शिवण कुठून घालायची हे आधी मशीन ठरवतं, आणि मशीननं माती खाल्ली की आम्ही उसवून पुन्हा घालतो. मशीन माती खूप खातं. पूल उन्हात ठेवलेल्या मेणासारखा मध्येच लवतो. पोहण्याचा तलाव अर्धा भरलेला आणि अर्धा कोरडा असतो. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवताना एकाच गल्लीच्या दोन टोकांना दिसतात, कारण मधल्या वेळात विमान वळून आलेलं असतं. त्यांना आम्ही 'जुळे काका' म्हणतो. मला हे काम आवडतं. तू म्हणायचीस ना, तुला दुसऱ्याच्या चुका शोधायला लावलं की तू चोवीस तास बसशील. बसलोय बघ.

तर मंगळवारी एक तक्रार माझ्या वाट्याला आली. कुणीतरी नकाशाचा एक तुकडा कापून सगळीकडे फिरवला होता, वर लिहिलं होतं, 'टाकीखालचं भूत'. आमच्याकडे हशा पिकला. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, घे रे, तुझ्या नात्यातलं असेल. मी उघडून पाहिलं. पाण्याची उंच टाकी, तिला दोन सावल्या, एक आखूड आणि एक लांब. पायथ्याच्या कठड्यापाशी अर्धी स्कूटर, सुरीनं कापल्यासारखी. आणि तिच्याजवळ जमिनीवर एक सावली, खांद्यावरून लोंबणारी पिशवी, एक हात कमरेवर. सावली होती, माणूस नव्हता. शिवण बरोबर त्याच्या पायाशी गेली होती. वरून माणूस म्हणजे टिकलीएवढा ठिपका, त्याची ओळख पटतच नाही. ओळख पटते ती सावलीनं. कमरेवर हात ठेवून 'उत्तर आलं का?' असं विचारत उभं राहणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलंय. त्यात त्या अर्ध्या स्कूटरची सीट नारिंगी होती. तुझ्या जुन्या पडद्याचं कापड. सीट शिवताना सुई माझ्याच बोटात घुसली होती आणि ओरडली तू होतीस.

फोटोच्या पोटात तारीख-वेळ असते. तारीख तीच होती. तू मला तुझ्या आईकडे घेऊन जाणार होतीस ती. तीन वाजता टाकीखाली भेटायचं, तिथून दोघांनी मिळून घरी. काकूंनी त्या दिवशी कामावरून अर्धी रजा घेतली होती, हेही मला नंतर कळलं. सकाळी ढग होते म्हणून विमान उशिरा उडालं, दुपार कलल्यावर. आमच्या धंद्यात अशा लांब सावल्यांच्या फोटोंना शिव्या बसतात. दाट वस्तीवर पट्टे जास्त चढवतात, त्यामुळे टाकी पाच पट्ट्यांत आली होती. मी पाचही उघडले. तीन वाजून सात मिनिटं, तू आहेस. तीन वीस, तू आहेस. तीन तेहेतीस, तू कठड्यावर बसली आहेस. तीन सेहेचाळीस, तू पुन्हा उभी आहेस, आणि तुझी सावली पहिल्या फोटोपेक्षा वीतभर लांब झाली आहे. तीन एकोणसाठ, तू नाहीस, आणि गटाराच्या झाकणावर आडवी लावलेली एक मोटरसायकल आहे. तशी आडवी गाडी कोण लावतं, तुला माहीत आहे.

तेव्हा मी काय सांगितलं होतं ते तुझ्याइतकं कुणाच्या लक्षात असणार? मी तीनच्या ठोक्याला पोचलो, दोन तास उन्हात उभा होतो, तू आलीच नाहीस. खरं सांगू? मला उशीर झालाय हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी मनाशी धरलं होतं दहा मिनिटं. पाच म्हण. गाडीतळावरच्या माणसाशी माझं वाजलं होतं. हेल्मेटचा पट्टा तुटला, तो म्हणाला आधीच तुटलेला होता, मी म्हणालो नव्हता. चार आण्याच्या पट्ट्यासाठी मी त्याची सात पिढ्यांची चौकशी केली. किती वेळ गेला ते कळलं नाही. मोबाईल मी आदल्याच आठवड्यात भिंतीवर आपटला होता, त्यामुळे तू किती वेळा फोन केलास तेही कळलं नाही. टाकीखाली आलो, तू नव्हतीस. वीस मिनिटं थांबलो. वीस मिनिटांचे दोन तास मी घरी पोचेपर्यंत केले. आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तू सगळ्यांसमोर म्हणालीस, मी आले होते, पाऊण तास थांबले. मला वाटलं, ही मला खोटं पाडतेय. आणि मी म्हणालो, आईची शपथ, मी तीनला तिथं होतो, ही आलीच नाही.

तुझ्या चेहऱ्याकडे मी तेव्हा पाहिलं नाही. टकळीकडे पाहिलं. शाळेपासून तुझ्या बाकावर बसलेली, तुझ्या घरी तुझ्याच ताटात जेवणारी ती पोर तुझ्याकडे वळून म्हणाली होती, आईची शपथ कुणी खोटी घेत नाही गं, तुला नव्हतं यायचं तर सरळ सांगायचंस. तू एकदा म्हणालीस, मी आले होते. नंतर पुन्हा ते म्हणाली नाहीस. महिन्याभरात मी रागारागानं परीक्षा सोडली, कॉलेज सोडलं, आणि अख्ख्या जगाला सांगत फिरलो की एका मुलीनं माझं आयुष्य उधळलं. टकळी तुझ्याशी बोलत नाही हे मला माहीत होतं. मला बरं वाटायचं. ही ओळ मी तीनदा खोडली होती, आता राहू देतो.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. तक्रार आली म्हणजे नियम साधा असतो. उभी गाडी कापायची नाही, पूर्ण ठेवायची नाहीतर पूर्ण काढायची. मी काय केलं असेल? शिवण अशी वळवली, अशी वळवली की तीन सेहेचाळीसची तुझी स्कूटर आणि तीन एकोणसाठची माझी मोटरसायकल एकाच टाकीखाली शेजारी-शेजारी आली. दोन तास लागले. जेवायलाही उठलो नाही. झाल्यावर नुसता बघत बसलो. आपण दोघं वेळेवर पोचलो होतो, काकू वाट बघत होत्या, सगळं नीट झालं होतं. मोठ्या बाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या कळलं नाही. त्या आमच्या वरच्या. फोटो नुसता बघून किती वाजले ते सांगतात. म्हणाल्या, अरे बाळा, एका टाकीखाली दोन उन्हं कशी पडली? पुढे म्हणाल्या, ही नारिंगी सीट कुणाची? मी म्हणालो, कुणाची नाही. तर म्हणतात, जी कुणाची नाही तिच्यासाठी कुणी जेवण सोडून शिवत बसत नाही. मग मी सगळं सांगितलं. मला वाटलं समजूत घालतील. त्यांनी खुर्ची ओढली, पाचही फोटो पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, आपण हवं तसं शिवायचं नसतं, होतं तसं शिवायचं. उसव. मी उसवलं. तीन सेहेचाळीसचा तुकडा पूर्ण ठेवला. आता तिथं तू आहेस, तुझी सावली आहे, स्कूटर अख्खी आहे. मी नाही. तेच खरं आहे.

त्याच संध्याकाळी मी आपल्या वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं, की ती आली होती, मी पाऊण तास उशिरा गेलो आणि वर खोटं बोललो. तू तिथून केव्हाच बाहेर पडलीस, म्हणून तुला दिसलं नसेल. तिघांनी अंगठे टाकले, एकानं विचारलं, मोबाईल कुणाच्या हातात पडलाय? टकळीनं वाचलं आणि काही लिहिलं नाही. आज रविवार, म्हणून दुपारी आईला सांगायचा धीर केला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळं ऐकलं, हातातला टॉवेल खाली ठेवला आणि म्हणाली, माझी शपथ घेताना मला विचारलं होतंस का रे? दीड वर्ष मी तुझ्या खोट्याला जामीन राहिले आणि मला पत्ता नाही! मी म्हणालो, ग्रुपवर लिहिलंय सगळं. तर म्हणते, लिहिलंस कसलं? शपथ तोंडानं घेतलीस ना, मग तोंडानंच मोडायची, आणि जिनं त्यावर विश्वास ठेवला तिच्यासमोर मोडायची. ऊठ. मी म्हणालो, आधी मला एक पत्र लिहायचंय. म्हणाली, लिही, पण घरात बसून शूर होऊ नकोस.

म्हणून हे पत्र. तुला परत मागायला लिहिलेलं नाही. मनात काय आहे ते विचारशील तर खोटं बोलणार नाही, खोटं माझं संपलंय. पण ते माझं मी बघेन. टकळी हल्ली बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काम करते. रविवारी तिथं गर्दी असते, म्हणून आजच जातोय. चारचौघांत शपथ घेतली होती, चारचौघांतच मोडतो. ती थोबाडीत मारेल असा माझा अंदाज आहे. मारून झालं की ती तुझ्याकडे येईल, आज नाही तर उद्या, तिला दम निघायचा नाही. येईल आणि दारात उभी राहून रडेल, किंवा अखंड बडबडेल, किंवा दोन्ही. तुला हे एवढंच आधी सांगायचं होतं, की ती आली तर का आली ते तुला माहीत असावं. तिला बाहेर ठेवू नकोस. ती माझ्यावर भुलली नाही, एका आईच्या नावावर भुलली. माझ्यामुळे तुझं बरंच गेलं, ते सगळं मी आणून देऊ शकत नाही. ही एक पोर आणून देता आली तर बघतो. बूट घातलेत, शेवटच्या ओळी उभ्यानंच लिहितोय. पत्र वाटेत पेटीत टाकेन. आई आतून विचारतेय, गेलास की अजून इथंच? निघालो गं, म्हणालो. दार ओढून घेतोय.

तू मान किंवा मानू नकोस,
तुझाच,
काडेपेटी