चौथा प्याला

नारीन, ११ मार्च

सूनबाई गुलबारचिन,

आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तुझ्या सासऱ्यांचा खोकला आहे तसाच आहे, घोडी आज-उद्या व्याईल. फोनवरच बोलले असते, पण आपली पोर आयपेरी फोनला कान लावून बसते. म्हणून हा कागद बिश्केकच्या गाडीवाल्याकडे देतेय.

सरळच विचारते. रविवारी फोनवर पोरीला तू काय शिकवतेस?

परवा बालवाडीच्या तोक्तोबुबूबाईंनी मला बोलावून घेतलं. आयपेरीपुढे मेंढीच्या घोट्यांची हाडं ठेवली नि म्हणाल्या, "मोज गं." पोरगी मोजते, "एक, दोन, तीन..." मग चौथं हाड गुपचूप बाजूला सरकवते आणि म्हणते, "पाच!" चारचं कार्ड दाखवलं तर तोंड फिरवून बसली. बाई म्हणतात, "आजी, घरी कोण शिकवतं हिला? असं चाललं तर सप्टेंबरात पहिलीत कशी घ्यायची?"

मी तिथेच ओळखलं. मागच्या महिन्यात तूच म्हणालीस ना, "इथे शहरात शाळेची तयारी चांगली करून घेतात"? म्हणजे पोरीला चुकीचं शिकवायचं, खापर म्हातारीवर फोडायचं आणि तिला उचलून न्यायचं! वा गं वा! पहिलं मूल आजी-आजोबांनी वाढवायचं, ही रीत तुझ्या माहेरीही आहे. ती मला आई म्हणते, तुला ताई. तूच तिला माझ्या मांडीवर दिलीस, मी काही हिसकावून घेतली नाही.

आणि मी शिकवत नाही असं समजू नकोस. माणसं मोजली की नजर लागते, म्हणून रोज संध्याकाळी चहाचे प्याले मोजून मांडतो आम्ही दोघी. आजोबांचा एक, माझा दोन, तिचा तीन. मग पुढे लोणी, जाम, पाव, असं दहापर्यंत.

काल चहाचं पाणी उकळताना तिला समोवारापाशी पकडलं. "खरं सांग, चार म्हणू नकोस असं ताईने सांगितलं ना?"

"नाही."

"मग कोणी?"

"आई, तूच म्हणत नाहीस. तो प्याला ठेवताना तू गप्प होतेस, मग लोण्याला पाच म्हणतेस."

"कुठला गं प्याला?"

तिने बोट दाखवलं. समोवाराजवळ, तू बसून आम्हाला चहा ओतायचीस त्या जागी, तुझा निळ्या कडेचा प्याला. मीच मांडलेला! तू शहरात गेल्यापासून रोज मांडतेय म्हणे, आणि आवरताना कोरडाच उचलून ठेवतेय. तुझे सासरे म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत आहे."

शप्पथ सांगते, मला माहीत नव्हतं. पोटचा पोरगा रशियात गेला तेव्हासुद्धा असं केलं नव्हतं मी. इतकं रडू आलं की चहा गार झाला.

तरी तुझ्यावरचा संशय पार फिटलाय असं समजू नकोस. रविवारी मी फोनजवळच बसणार आहे.

आज प्याला ठेवताना "चार" म्हणायला गेले, तर शब्दच फुटेना. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

नवरोजच्या सणाला ये. पोरीला न्यायचं की नाही, त्यावर मनसोक्त भांडू. पण आधी तुझ्या जागी बस, प्याला हातात घे आणि तिला चार शिकव. मला जमत नाही.

सुनेची वाट बघत नाही असं गावभर सांगणारी,
तुझी सासू जूराकान